लोहाऱ्याला जपानीचा शिक्षक हवाच

जपानी भाषेच्या परीक्षेसाठी आता शिक्षकाची गरज उरलेली नाही, असं मत हल्ली मोठ्या ठामपणे मांडलं जातं. मांडणारी माणसं बहुधा शिकलेली, शहरात राहणारी आणि चांगल्या मनाची असतात. त्यांचं म्हणणं असं : पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, यूट्यूबवर धड्यांचा तोटा नाही, मोबाईलवरचं अ‍ॅप रोज सराव करून घेतं आणि परीक्षा तर नुसती पर्याय निवडण्याची. मग यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या मुलाने क्लासची फी कशाला भरावी? एखाद्या महाविद्यालयाने किंवा आयटीआयने तिथे जपानीचा शिक्षक कशाला नेमावा? जिद्द असेल तर मूल शिकेल. जिद्दच नसेल तर शिक्षक तरी काय करणार?

हे मत चुकीचं आहे आणि त्याने मुलांचं नुकसान होतं. ज्या विद्यार्थ्याच्या अनुभवावर ते उभं आहे, त्याची परिस्थिती आणि लोहाऱ्यातल्या विद्यार्थ्याची परिस्थिती यांत फार अंतर आहे. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

आधी हा प्रश्न लोहाऱ्यासारख्या ठिकाणी एवढा महत्त्वाचा का, ते पाहू. लोहारा यवतमाळ शहराला लागून आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि रेमंडच्या डेनिम कारखान्यामुळे त्याचं नाव जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे. भोवताली कापूस, सोयाबीन, तुरीचा कोरडवाहू पट्टा. शेतीवर घर भागत नाही आणि कारखान्यात सगळ्यांना जागा नाही, अशा घरांतली आयटीआय, पॉलिटेक्निक, नर्सिंग केलेली मुलंमुली बाहेरची वाट शोधत असतात. जपानने एप्रिल २०१९ पासून विशिष्ट कौशल्य असलेल्या परदेशी कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. त्याबाबत भारताशी करार झाला तो जानेवारी २०२१ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत दोन्ही पंतप्रधानांची भेट झाली, तेव्हा पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल आणि होतकरू माणसं जपानला जावीत असं उद्दिष्ट ठरलं. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया अशा बहुतेक क्षेत्रांत भाषेची अट एकच आहे : जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा. शुश्रूषेच्या कामासाठी त्या कामातल्या जपानीची आणखी एक परीक्षा द्यावी लागते. म्हणजे लोहाऱ्यातल्या मुलासाठी ही परीक्षा हौसेची नाही, पोटापाण्याची आहे. एवढ्या मोठ्या गोष्टीची तयारी त्याने एकट्याने मोबाईलवर करावी, असा सल्ला देणाऱ्याने त्याची जबाबदारीही ओळखायला हवी.

पहिला मुद्दा : परीक्षा पर्यायांची आहे, तेव्हा शिक्षक नको. जेएलपीटीत बोलायची आणि लिहायची परीक्षा नसते, हे खरं आहे. पण पर्यायांची परीक्षा सोपी असते हा समज खोटा आहे. एन-५ ही सगळ्यांत खालची पातळी. तिचे एकूण गुण १८०, उत्तीर्ण व्हायला ८० लागतात. एवढंच वाचून मुलं निर्धास्त होतात. खरी अट त्याच्या पुढे आहे. भाषाज्ञान आणि वाचन या १२० गुणांच्या भागात किमान ३८ आणि ऐकण्याच्या ६० गुणांच्या भागात किमान १९ मिळालेच पाहिजेत. एन-४ ला एकूण ९० लागतात आणि भागांची किमान अट हीच. एखाद्याने पहिल्या भागात १०० गुण मिळवले आणि ऐकण्यात १८, तर बेरीज ११८ होते आणि तरीही तो नापास होतो. घरी बसून शब्द आणि कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, पाठ करणारा विद्यार्थी नेमका इथे अडतो, कारण पाठ करणं एकट्याने जमतं आणि कान तयार करणं एकट्याने फार अवघड जातं.

ऐकण्याच्या त्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते. काही प्रश्नांत तर प्रश्नपत्रिकेवर काहीच छापलेलं नसतं. एक वाक्य ऐकू येतं, पाठोपाठ तीन उत्तरं ऐकू येतात आणि क्षणात योग्य ते निवडायचं असतं. तिथे मनातल्या मनात भाषांतर करायला वेळ नसतो. ही सवय समोरच्या माणसाने अचानक विचारलेल्या प्रश्नाला अचानक उत्तर देऊनच लागते. अ‍ॅपवर आपण थांबवतो, मागे जातो, पुन्हा ऐकतो आणि मग आपल्याला येतं असं वाटतं. परीक्षेच्या खोलीत मागे जाण्याची सोय नसते.

शिवाय मराठी कानाच्या काही अडचणी त्याच्या स्वतःच्या आहेत. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, बोलताना मात्र ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फारसा फरक करत नाही. जपानीत स्वराची लांबी बदलली की शब्दच बदलतो. बिरु म्हणजे इमारत आणि बीऽरु म्हणजे बिअर. ओबासान म्हणजे काकू किंवा मावशी आणि ओबाऽसान म्हणजे आजी. वृद्धाश्रमात कामाला जाऊ पाहणाऱ्या मुलीने हा फरक ऐकलाच पाहिजे आणि उच्चारलाही पाहिजे. आपल्याला तो ऐकू येत नाही, हे मात्र तिचं तिला कळणार नाही, कारण जे ऐकूच येत नाही त्याची चूक स्वतःला दिसत नाही. ती शेजारी बसलेल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी दिसते. याच शिक्षकाला हेही माहीत असतं की जोडाक्षराचा आघात मराठी मुलाला आयता येतो, कारण ‘पका’ आणि ‘पक्का’ तो लहानपणापासून वेगळे ऐकतो. आणि चमच्यातला च त्याच्या तोंडात असल्यामुळे जपानीतला त्सु त्याला जड जात नाही. वेळ कुठे घालवायचा आणि कुठे नाही, हे ठरवणं हे शिक्षकाचं पहिलं काम.

दुसरा मुद्दा : साधनं फुकट आहेत. आहेत, आणि चांगलीही आहेत. जपान फाउंडेशनने ‘इरोदोरी’ हे परदेशी कामगारांसाठीचं पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह विनामूल्य ठेवलं आहे. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण फुकट मिळणारी बहुतेक अ‍ॅप आणि व्हिडिओ इंग्रजीतून शिकवतात, काही हिंदीतून. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला त्यामुळे दोन भाषा एकाच वेळी शिकाव्या लागतात आणि अपयश आलं की त्याला वाटतं, आपल्याला जपानी जमत नाही. प्रत्यक्षात त्याला अडवलेलं असतं इंग्रजीने.

आणि हा सगळा वळसा अनावश्यक आहे. वाक्याच्या बांधणीत जपानी मराठीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची आहे. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामानंतर. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आंबा कर्ता असल्यासारखा वागतो. जपानीतही आवडणाऱ्या वस्तूला ‘गा’ हा कर्त्याचाच प्रत्यय लागतो. ‘मला जपानी समजते’ याचंही तेच. इंग्रजीतून शिकणारा इथे हटकून कर्माचा प्रत्यय लावून चुकतो. एन-४ च्या व्याकरणात जे सहाय्यक क्रियापदांचे प्रयोग अवघड म्हणून गाजतात, ते आपण रोज बोलतो : करून बघ, करून ठेव, करून टाक. ‘मी गेलो’ आणि ‘मीच गेलो’ यांतला भेद ज्याला कळतो, त्याला ‘वा’ आणि ‘गा’ या प्रत्ययांचा झगडा निम्मा सुटलेला असतो. माणसं मोजताना आपण दोघं, तिघं, चौघं म्हणतो. जपानीतही माणसांची मोजणी वेगळी असते. हे सगळं मराठी मुलाचं भांडवल आहे. पण त्याला ते कुणीतरी दाखवून द्यावं लागतं आणि ते दाखवायला दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो.

याच ठिकाणी आणखी एका मताला उत्तर द्यायला हवं. ‘खेड्यातल्या मुलांनी आधी इंग्रजी सुधारावं, मग जपानीच्या मागे लागावं,’ असं काही जण सुचवतात. मला याच्या उलट वाटतं. इंग्रजीच्या शर्यतीत लोहाऱ्याचं मूल कॉन्व्हेंटच्या मुलाच्या कितीतरी मागून सुरुवात करतं. जपानीत दोघांनाही हिरागानाच्या पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागते. आयुष्यभर ‘तुझी भाषा अशुद्ध’ असं ऐकलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा बरोबरीची संधी मिळते. आपण शिकवण्याचं माध्यम इंग्रजी ठेवलं की ती बरोबरीही काढून घेतो.

तिसरा मुद्दा जिद्दीचा, आणि तो मला सगळ्यांत जास्त खटकतो. एकट्याने शिकून वरच्या पातळ्या पार केलेली माणसं आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ती बहुधा पुण्या-मुंबईत, बंगळुरात असतात. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा आहे. रमेश दिवेकरांसारख्या शिक्षकांनी तिचा पाया घातला. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, जपानी शिक्षकांची संघटना, जपानी कंपन्या, परीक्षेचं केंद्र, जपानातल्या ओकायामाच्या नावाने ओळखली जाणारी बागसुद्धा त्या शहरात आहे. तिथला ‘एकटा’ शिकणारा खऱ्या अर्थाने एकटा नसतो. त्याला अडलं तर विचारायला मित्र असतो, अर्ज कधी भरायचा हे सांगायला सहकारी असतो. आपण स्वतः शिकलो असं त्याला वाटतं आणि त्यात कष्ट त्याचेच असतात. पण भोवतालच्या शहराने त्याला किती शिकवलं, याचा हिशेब तो धरत नाही. तेच शहर नसलेल्या मुलाला ‘तुझ्यात जिद्द नाही’ म्हणणं हा अन्याय आहे.

जेएलपीटी जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. अर्जाची मुदत काही महिने आधीच संपते. ती चुकली की सहा महिने गेले. यवतमाळहून पुण्याचं किंवा मुंबईचं केंद्र गाठायचं तर रात्रभराचा प्रवास, मुक्काम, वर एका दिवसाच्या मजुरीवर पाणी. तयारी अपुरी असताना परीक्षेला बसणं शहरातल्या मुलाला एका रविवारपुरतं महागात पडतं. लोहाऱ्यातल्या मुलाला ते घरच्यांच्या विश्वासाच्या किमतीला पडतं. म्हणून ‘तू यंदा बस’ किंवा ‘यंदा थांब, आधी ऐकणं सुधार’ असं सांगणारा जाणता माणूस त्याच्याजवळ असणं गरजेचं आहे. मोबाईल रोज सलग सरावाची शाबासकी देतो. तयारी झाली की नाही, हे तो सांगत नाही.

यावर आता नवं उत्तर येतं की कृत्रिम बुद्धिमत्ता शिक्षकाची जागा घेईल. सरावाला ती उपयोगी पडते, शंकांची उत्तरंही देते. पण शंका विचारता येण्यासाठी आपल्याला काय कळलेलं नाही, हे आधी कळावं लागतं. नवशिक्याला तेच कळत नसतं. यंत्र अर्धवट बोललेलं वाक्यही समजून घेतं आणि पुढे जातं. चांगला शिक्षक तिथेच थांबवतो, पुन्हा म्हणून घेतो, आणि मूल चार दिवस वर्गात आलं नाही तर त्याच्या घरी फोन करतो. परीक्षेची तयारी मध्येच सुटते ती बहुधा अशा चार दिवसांत.

मी शिक्षक म्हणतो तेव्हा खडू घेऊन फळ्यासमोर उभा असलेलाच माणूस मला अभिप्रेत आहे असं नाही. तो पुण्यात किंवा नागपुरात बसून पडद्यावरून शिकवत असला तरी चालेल. त्याने मुलाचं बोलणं ऐकलं पाहिजे, चूक दुरुस्त केली पाहिजे आणि मुलाला नावाने ओळखलं पाहिजे. याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातलं गाडीवाट हे शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं खेडं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांना कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल असं विचारलं, तेव्हा यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने त्यांनी जपानी निवडली. सुरुवातीला इंटरनेटवरच्या व्हिडिओंवरून शिकणं झालं. मग २०२० मध्ये शहरातल्या एका जपानी जाणणाऱ्या गृहस्थांनी स्वतःहून विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले आणि मुलं त्यात रमली. फोन नसलेल्या मुलांना फोन असलेले सोबती शिकवत. साधनं आधीही उपलब्ध होती. शिकण्याला आकार आला तो शिकवणारा आल्यावर. खेड्यातल्या मुलांना जपानी झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांना गाडीवाटने उत्तर दिलेलं आहे, आणि शिक्षकाशिवाय भागतं म्हणणाऱ्यांनाही.

आता माझ्या बाजूच्या लोकांशीही बोलायला हवं, कारण ‘शिक्षक हवा’ या वाक्याचा गैरफायदा घेणारे कमी नाहीत. तीन महिन्यांत एन-४ आणि सहा महिन्यांत जपान, अशा जाहिराती करणारे शिक्षणापेक्षा माणसं गोळा करत असतात. २०१० मध्ये जेएलपीटीची रचना बदलण्यापूर्वी आजच्या एन-४ शी मिळत्याजुळत्या पातळीसाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यास, ३०० कांजी आणि १५०० शब्द असा अंदाज अधिकृतपणे दिला जाई. काम सांभाळून शिकणाऱ्या मुलाला हे तीन महिन्यांत जमत नाही. नुसते जुने प्रश्न घोकून कुणी पार झालाच, तर नोकरीच्या मुलाखतीत जपानी माणसासमोर त्याची वाचा बसते. पालकांनी हेही लक्षात ठेवावं की भाषा शिकवणारा आणि परदेशी नोकरीला पाठवणारा हे दोन वेगळे व्यवहार आहेत. परदेशी भरती करणाऱ्या एजंटची १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारकडे नोंदणी असावी लागते आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. लाखांची रक्कम आगाऊ मागणारा क्लास म्हणजे शिक्षक नव्हे. शेत गहाण टाकून त्याच्याकडे जाऊ नका.

चांगला शिक्षक ओळखायच्या खुणा साध्या आहेत. त्याने स्वतः निदान दोन पातळ्या वरची परीक्षा दिलेली असते आणि तो प्रमाणपत्र दाखवायला कचरत नाही. पहिल्या आठवड्यापासून तो मुलांना बोलायला लावतो. ऐकण्याचा सराव शेवटच्या महिन्यावर ढकलत नाही. वेळ लावून सराव परीक्षा घेतो आणि भागवार गुण सांगतो. जेएलपीटी आणि जेएफटी-बेसिक यांतला फरक समजावतो : दुसरी परीक्षा संगणकावर होते, ६० मिनिटांची असते, २५० पैकी २०० गुण लागतात आणि ती एन-४ च्या आसपासच्या रोजच्या व्यवहारातल्या भाषेची असते. कोणत्या मुलाने कोणती परीक्षा द्यावी, हे तो त्याच्या ध्येयाकडे पाहून ठरवतो, स्वतःच्या बॅचकडे पाहून नाही.

असे शिक्षक आणणार कुठून, हा शेवटचा आक्षेप. तो रास्त आहे, पण शिक्षकाची गरज नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. उलट दोन्ही सरकारांनी ही गरज फार पूर्वी मान्य केली आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत भारतातल्या १०० उच्च शिक्षणसंस्थांत जपानीचे अभ्यासक्रम सुरू करायचं आणि १००० शिक्षक तयार करायचं ठरवलं. त्यासाठी २०१८ मध्ये दिल्लीत शिक्षक प्रशिक्षण केंद्रही उघडलं. आपल्या राज्य सरकारनेही २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ देण्याचा करार करताना भाषेच्या प्रशिक्षणाची जबाबदारी अंगावर घेतली. अ‍ॅप पुरेसं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

लोहाऱ्यासाठी फार मोठं काही लागत नाही. यवतमाळमधल्या एखाद्या आयटीआयची किंवा महाविद्यालयाची संध्याकाळी रिकामी असलेली एक खोली, एक पडदा, बरं इंटरनेट, आठवड्यातून तीन दिवस पुण्या-नागपुरातून थेट शिकवणारा मराठी जाणणारा शिक्षक आणि हजेरी व सराव पाहणारा एक स्थानिक मदतनीस. पहिल्या तुकडीतली एन-३ पर्यंत पोचलेली मुलगी पुढच्या तुकडीची मदतनीस होऊ शकते, आणि पुढे तीच शिक्षिका होऊ शकते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने असा प्रमाणपत्र अभ्यासक्रम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना उपलब्ध करून द्यावा. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या यवतमाळ शहरात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींची संख्या कमी नाही. शुश्रूषेच्या जपानीचा पहिला वर्ग त्यांच्यासाठीच निघायला हवा. औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकांनी सामाजिक खर्चातून दोन वर्षांचं मानधन उचललं तर सुरुवातीला सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.

शहरातल्या स्वयंशिक्षितांना माझी विनंती आहे : तुम्ही स्वतःच्या हिमतीवर शिकलात, तेव्हा ‘शिक्षक कशाला’ असं या मुलांना सांगू नका. आठवड्यातला एक तास काढा आणि पडद्यावरून लोहाऱ्यातल्या चार मुलांचे शिक्षक व्हा. आणि पालकांना एवढंच सांगायचं आहे की मुलाच्या हाती मोबाईल दिला म्हणजे आपलं काम झालं असं समजू नका. वर्गाची, शिक्षकाची मागणी करा, महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे, आयटीआयकडे, आपल्या लोकप्रतिनिधीकडे, लेखी आणि वारंवार. ही परीक्षा लोहाऱ्याचं मूल पार करू शकतं. त्याच्यासाठी शिकवणारा माणूस उभा करणं हे आपलं काम आहे.